निनावे आणि नववं पान

माझ्या शेजाऱ्यांचं आडनाव निनावे.
कथेत घालता येत नाही.
घातलं तर वाचक म्हणतील,
बाईला नाव सुचलं नाही.

तर हे निनावे, मेच्या सोळा तारखेला,
दुपारी अडीच वाजता,
डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून
माझ्या कूलरच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून बसले होते
आणि मी आत, टेबलाशी,
घामाने चिकटलेल्या मनगटानं
कुमुदिनीला मारत होते.

कुमुदिनी ही माझी नायिका.
दिवाळी अंकाची.
दिवाळीची माणसं उन्हाळ्यातच मारावी लागतात,
छपाईला वेळ लागतो.

आजवर एकवीस जण पोचवले मी.
चौघं विहिरीत, एक रेल्वेखाली,
बाकीचे हळूहळू, मनानं.
आणि हे करताना, खरं सांगते,
मी बहुतेक वेळा मजेत असते.
शेंगदाणे खात असते.

एकदाच एक सुखी बाई लिहिली होती.
ती गोकुळपेठेत सांबार घ्यायला जाते,
भाजीवालीशी दोन रुपयांवरून भांडते,
जिंकते,
घरी येते.
संपादकांचं पुण्याहून पत्र आलं:
भाषा छान, पण यात घडतं काय?
शिवाय घरात इडली दिसत नाही,
मग सांबार कशासाठी?

मी दोन दिवस हसले.
मग सांबाराची कोथिंबीर केली
आणि बाईला विधवा केलं.
कथा छापून आली.

त्यांचंही चूक नाही म्हणा.
दुःख आलं की कसं खुर्ची ओढून बसतं,
पहिल्यापासून सांगतं, तारखांसकट.
सुख म्हणजे बिनकामाचा पाहुणा.
येतं, माठातलं पाणी पितं,
'काही नाही, सहज आलो होतो' म्हणतं
आणि चपला घालून जातं.
त्याचं काय लिहायचं?

"ताई!" निनावे बाहेरून ओरडले,
"पंप नाही गेला जी! बेंडूक बसून होता आत.
जित्ता आहे बावा!"
बादलीत काहीतरी डुबुक झालं.
"अन् काऊन ताई, एवढ्या तपनीत
लिहून काय राहिल्या तुम्ही?"

उत्तर सुचायच्या आत कूलर सुरू झाला.
आधी गरम फुंकर,
मग म्हाताऱ्या माणसासारखा खोकला,
आणि मग तो वास,
ओल्या वाळ्याचा,
जो आला की नागपूरचा माणूस
क्षणभर सगळ्यांना माफ करतो,
जावयालासुद्धा.

पडदा गरोदर झाला. कागद उठले.
नववं पान दारातून बाहेर गेलं,
अंगणात एक गिरकी घेतली
आणि सरळ बेडकाच्या बादलीत.

निनाव्यांनी ते दोन बोटांनी उचललं.
शाई सुटली होती. कुमुदिनीचे शेवटचे शब्द
निळ्या थेंबांनी त्यांच्या पायावर गळत होते.
"महत्त्वाचं होतं काय?"
"नाही हो. एक बाई मरत होती."
"मंग बरंच झालं," ते म्हणाले
आणि पान वाळत घातलं,
तारेवर, बनियनशेजारी, चिमटा लावून.

पैसे घेतले नाहीत. अर्धं डांगर घेतलं.
उरलेलं अर्धं मी साखर घालून
कूलरसमोर उभ्यानेच खाल्लं,
रस कोपरापर्यंत येऊ दिला.

संध्याकाळी नवं नववं पान लिहिलं.
कुमुदिनी पिशवी घेऊन गोकुळपेठेत निघाली आहे.
काय आणायला, ते यंदा बदलणार नाही.
संपादकांनी विचारलंच, घडतं काय,
तर कळवीन: कूलर चालू झाला.

बेडकाला निनाव्यांनी जास्वंदीखाली सोडलं होतं.
रात्री पाणी भरायला गेले
तर तो पुन्हा कूलरमध्ये.
आम्ही एकमेकांकडे पाहिलं.
मी झाकण हळूच लावलं.