गुरुवारी साडेसहाला

गुरुवारी साडेसहाला आर्काडी खालच्या मजल्यावरून येतो,
चपला दारात काढतो, टाय मात्र बांधून आलेला असतो.
मी स्वयंपाकघरातलं टेबल पुसते,
खारवलेल्या काकड्यांची बरणी कपाटात ढकलते.
कंपनीच्या टेबलावर काकड्या नसणार,
एवढं मला कळतं.

एकोणतीस वर्षं मी नार्वाच्या शाळेत भूमिती शिकवली.
सर्व्हर कशाशी खातात, मला ठाऊक नाही.
त्याच्या मुलीनं प्रश्न छापून दिलेत, चार पानं.
मी ते वाचते, चष्मा नाकाच्या शेंड्यावर,
परीक्षकाच्या आवाजात.
तो आवाज अजून शाबूत आहे.

"यंत्र उत्तर देत नाही. सुरुवात कुठून कराल?"
"वायर लावलेली आहे का, ते बघेन."
मला हसू फुटलं.
हसू नका, म्हणाला, हेच बरोबर उत्तर आहे.

बावीस वर्षं तो वीजकेंद्रात होता;
कॉलरला राखेचा वास अजून येतो, का मलाच वाटतो.
आता दोन बॉयलर गार पडलेत
आणि त्याच्या हातात कोर्सचं प्रमाणपत्र,
अजून घडी न पडलेलं.
नोकरी टालिनला. मुलाखत एस्टोनियनमध्ये.
तिला चौदा विभक्त्या,
आणि घाबरला की ह्याची गाडी तिसरीतच रुतते.
खिडकीखाली नदी, नदीपलीकडे दुसरा देश:
आमची भाषा तिकडची, कागद इकडचे,
आणि पुलावरून माणसं बॅगा ओढत पायी जातात.

"डिस्कवर जागा आहे, तरी फाइल लिहिता येत नाही. का?"
तो टाय सैल करतो.
"जागा असते हो, झिनायदा पेत्रोव्ना,
पण प्रत्येक फाइलला नोंदवहीत एक ओळ लागते.
बारीकसारीक फायली लाखांनी साठल्या
की ओळी संपतात.
कोठार अर्धं रिकामं, वही भरलेली."

मी पेन्सिल खाली ठेवली.
चार पानांत पहिल्यांदा काही कळलं होतं,
आणि हवं त्याहून जास्त.

मग तो प्रश्न, तिसऱ्या पानावरचा:
"तुमच्या हातून झालेली एखादी चूक सांगा."
"मी फार बारकाईनं काम करतो, वेळ लागतो."
कान लाल.
दोन गुण कापले. पुढच्या गुरुवारी परत दोन.
तीस वर्गांचे कान पाहिलेत मी.

मार्चमध्ये एकदा तो बराच वेळ गप्प राहिला.
मग आपल्या भाषेत बोलला:
रात्रपाळी, चुकीचं पॅनेल, त्यानं स्वतः बंद केलेलं.
अकरा मिनिटं अर्ध्या वस्तीचे पाइप गार.
ठपका व्हितालीवर आला, कालपरवा लागलेलं पोर.
"मी बघत राहिलो. तो सामान घेऊन गेला."

किटली शिट्टी घालत होती. मी उठले नाही.
"आता एस्टोनियनमध्ये," मी म्हणाले.

त्यानं सांगितलं.
सगळ्या विभक्त्या मोडल्या,
क्रियापदं कुठेही पडली,
व्हितालीचं नाव तेवढं दोन्ही वेळा नीट उच्चारलं.
पूर्ण गुण दिले.
कान पांढरे होते.

चहा झाल्यावर त्यानं कागद ओढून घेतले.
"आता तुम्ही. पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता?"
मी शहात्तर वर्षांची.
"ह्याच खुर्चीत," म्हणाले,
"पण त्या खिडकीची फट बुजवलेली."
त्यानं ते लिहून घेतलं, गंभीरपणे,
आणि गुण किती ते दाखवलं नाही.

सोमवारी अकराला मुलाखत आहे.
दहापासून फोनजवळ बसायचं नाही, असं ठरवलंय.
वायर तेवढी बघून ठेवली.
लावलेली आहे.