अकरा मिनिटं

आर्विद्सनं एकतीस वर्षं ट्राम चालवली.
रीगाच्या नदीपलीकडून निघायची,
मेझापार्क्सच्या पाइनवनाशी संपायची,
आणि संपली की अकरा मिनिटं उभी राहायची.
अकरा मिनिटांत सिगरेट मावते,
थर्मासमधला चहा मावतो,
भांडण मावत नाही.
डाव मावेल का? एल्मार्सनं एका हिवाळ्यात विचारलं,
मागच्या ट्रामच्या पायरीवरून.
मावेल, आर्विद्स म्हणाला. बेतून शिवला तर.

तेव्हापासून खिशात तो पट:
तळहाताएवढा, चौसष्ट भोकांचा,
मोहऱ्यांच्या बुडाला खुंट्या.
एक काळं प्यादं बर्फात पडलं ते पडलंच,
त्याच्या जागी काडेपेटीतली काडी.
ती काडीच तो आधी ओढायचा,
दुसऱ्याच चालीला,
राजाच्या उंटापुढून दोन घरं.
आपल्याच राजाचं दार आपणच सताड उघडायचं
आणि उणे दहात समोरच्याला म्हणायचं,
या ना, आत या.

येतातच.
फुकट ते पौष्टिक, हे रीगातही खरं आहे.
पांढरा घोडा मधलं प्यादं खातो,
तोंड न पुसता पुढे उडी घेतो,
मग कोपऱ्यातला हत्ती
(इथे त्याला बुरूज म्हणतात; भूक तीच),
आणि कोपऱ्यात गेलेल्या घोड्याला
परतीची वाट नसते.
तोवर काळा वजीर थेट माजघरात.
बारावी चाल. फार तर पंधरावी.
घंटा. दारं बंद. ट्राम सुटली.

निवृत्तीनंतर तो वेर्मान बागेत बसू लागला.
दिवसच्या दिवस हाताशी, तरी डाव तेवढेच आखूड.
दातांचे डॉक्टर हरले, खलाशी हरले,
एक पाद्री हरला आणि पुटपुटला ते प्रार्थनेसारखं नव्हतं.
आर्विद्सचा भरवसा आपल्या चालींवर नव्हताच,
समोरच्याच्या हावरेपणावर होता,
आणि त्यानं क्वचितच दगा दिला.

सप्टेंबरात मादारा आली.
पोहून आलेली, केस ओले,
हातात शहाजिरं घातलेला पाव.
काडी सरकली.
तिनं काडीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे,
मग पावाचा घास नीट चावून संपवला.
मधलं प्यादं तिनंही खाल्लं.
पण कोपऱ्याकडे तिचा घोडा बघेचना.
दुसरंच एक प्यादं
तिनं पुढे केलं, हळू,
कुणाच्या झोपेवर पांघरूण घालावं तसं.

अकराव्या मिनिटाला आर्विद्स उठून उभा राहिला.
पाय आपसूक उठले होते.
गाडी नव्हती. लिंडनची पानं होती, एक कबूतर होतं.
तो परत बसला.

वजीर गेले. हत्ती गेले.
पटावर एवढी मोकळी जागा
त्यानं आयुष्यात पाहिली नव्हती.
राजा एका वेळी एकच घर चालतो, हे त्याला ठाऊक होतं;
इतका वेळ चालतो, हे नव्हतं.
"इथून पुढे काय करतात?" त्यानं विचारलं.
"चालतात," ती म्हणाली.
दिवे लागले. कुणीतरी बाकं मोजून गेलं.
त्याचा राजा, तिचा राजा,
मध्ये एक रिकामं घर, कुणीच आधी पाऊल टाकेना,
आणि तिची दोन प्यादी, आणि त्याची काडी,
इतकी पुढे ती कधीच पोचली नव्हती.

मग मादारा दचकली, घड्याळ, दप्तर,
"माझी ट्राम!" आणि पळाली.

अर्धा डाव घरी न्यायची त्याला सवय नव्हती.
पट त्यानं मिटला नाही.
दोन्ही हातांत आडवा धरला,
भरलेल्या बशीसारखा,
आणि सबंध रस्ता पायी गेला.
साखरेच्या डब्याशेजारी ठेवला.
चहा उकळून उकळून काळा झाला.
चाल काळ्याची होती.