एकापेक्षा मोठा कोसाईन

वार्डो बंदरावरच्या शाळेत, संगणकाच्या खोलीत,
शुक्रवारी दुपारी साडेतीनला, बाहेर मिट्ट काळोख,
मी बाबांसाठी वर्षभराचा उजेड काढायला बसले.

आडव्या अक्षावर तीनशे पासष्ट दिवस,
उभ्या अक्षावर चोवीस तास.
एक वक्ररेषा उगवतीची, एक मावळतीची,
दोघींच्या मधे सगळं पिवळं भरायचं,
पण फिकं, शून्य पूर्णांक तीन,
म्हणजे खालची चौकटींची जाळी दिसत राहील.

अक्षांशाचा टॅन्जन्ट, सूर्याच्या कलण्याचा टॅन्जन्ट,
गुणाकार, आधी उणे, मग उलटा कोसाईन.
चार ओळींचा कोड.
मार्च सुरेख आला, ऑक्टोबरही,
आणि जून कोरा.
डिसेंबरही कोरा.
सूर्य मावळतच नाही ते दिवस
आणि उगवतच नाही ते दिवस,
यंत्राने दोघांवर एकच शिक्का मारला होता:
संख्या नाही.

चूक माझीच. कोसाईन एकापलीकडे जात नाही,
आणि आमचं गाव जातं.
म्हणून एक ओळ वाढवली:
एकाहून मोठं आलं तर एकच धर,
उणे एकाहून खाली गेलं तर उणे एक.
जून काठोकाठ भरला.
डिसेंबरात दोन्ही रेषा एकमेकींना चिकटल्या,
मधे पिवळा दोराभरही नाही.
गणित बरोबर होतं. छापून घरी नेलं.

बाबा, ओद्वार, वय एक्याऐंशी,
एकतीस वर्षं लांब दोरीच्या बोटीवर.
भिंग घेऊन उभे राहिले, खुर्ची नको म्हणाले.
नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत
त्या चिकटलेल्या रेघेवरून बोट फिरवलं,
करंगळीशेजारचं, अर्धं उरलेलं.
"इथं आम्ही काय झोपा काढत होतो?"

सूर्य नसतो ना बाबा तेव्हा.

"सूर्य कुणी मागितला? मी उजेड म्हणालो होतो.
गळाला आमिष लावायला कंदील लागत नाही,
तेवढा तर दे.
नवाला सुरू होतो, पाऊण वाजता संपतो.
आणि मध्यान्ह बाराला कशाला काढलीस?
घड्याळ ओस्लोचं आहे,
आपली अकराच्या आधीच होऊन जाते."

सोमवारी पुन्हा बसले.
मध्यान्ह खाली सरकवली.
क्षितिजाखाली सहा अंश, एवढा एकच आकडा घातला,
आणि डिसेंबरात रेषा चिकटल्या नाहीत.
सगळ्यात लहान दिवशीसुद्धा
नऊ ते पाऊण, मिनिटभराच्या फरकाने.
सूत्राला जे आज कळलं
ते अर्ध्या बोटाला ठाऊक होतं.

मधे निळा भरला.
झुंजुमुंजू आणि तिन्हीसांज,
मधला दिवसच गळून पडलेला,
एकमेकींना टेकून उभ्या.

फक्त अट घालायची राहिली,
निळा पिवळ्याखालूनही पसरला
आणि सगळा उन्हाळा शेवाळी झाला.
दुरुस्त करते म्हटलं, तर म्हणाले, राहू दे,
जुलैत पाणी असंच दिसतं.

आता कागद स्वयंपाकघरात, फ्रिजच्या दाराला.
रोज पाऊणच्या सुमाराला ते खिडकीशी जातात,
परत येऊन त्या दिवसाच्या निळ्यात
पेन्सिलीने थोडं खरडतात.
धुकं असलं की जास्त.
काल बर्फाचं वादळ होतं,
पट्टा वरपासून खालपर्यंत काळा केला,
कागद फाटेल इतका दाबून.
ढगांचं काहीतरी घाल म्हणाले तुझ्या त्या कोडात.
मी म्हटलं, त्याचं सूत्र नाही.
"मग पेन्सिल आण दुसरी. ही संपली."