नऊ सेकंदांची टाकी

राक्वेरेच्या बाहेर, जुन्या मालधक्क्यामागे
पाण्याची एक टाकी उभी होती, चुनखडीची.
आत पाणी नाही, कबुतरं तेवढी.
पाडायचा हुकूम निघाला होता
म्हणून आम्ही तिचा आवाज घ्यायला गेलो.

तिचा म्हणजे, ती स्वतःहून बोलत नाही.
आधी कुणीतरी हाक मारावी लागते.

कारेलने वाढदिवसाच्या दुकानातून फुगे आणलेले,
पिवळे, बदकांच्या चित्राचे.
उणे चौदात रबर ताठरतं, फुगा फुटताना चिरकतो.
पाच तसेच वाया गेले.
सहाव्याला टाचणी लावली
आणि टाकीने तो एवढासा फट् आवाज उचलला,
भिंतीभिंतीवर घासून पाहिला,
मग परत द्यायची घाई नसल्यासारखा
पीठ चाळावं तसा अंधारात खाली सोडला.
नऊ सेकंद.
श्वास धरून उभं राहायला फार असतात.

खाली शिडी धरून उर्मास. चावीवाला,
सत्तरीचा, तंबाखूने छाती खरवडलेली.
साडेचार सेकंदांवर त्याला राहवलं नाही.
खोकला. एकदाच, तोंडावर लोकरी हातमोजा दाबून.
नंतर विचारलं, नासवलं का मी?
मी म्हटलं, छे.
सातव्या फुग्याआधी थंडीने बॅटरी गेली.

मे महिन्यात टाकी पाडली. मी बघायला गेले नाही.
आता ती माझ्या लॅपटॉपमध्ये असते,
एका फोटोएवढ्या जागेत.
कुणाचाही आवाज घ्यावा,
गाद्या ठोकलेल्या खोलीत हाडासारखा कोरडा घेतलेला,
आणि तिच्यात सोडावा.
पडद्यावर एक गोल खुंटी,
डावीकडे कोरडं, उजवीकडे ओलं.
तीस वर्षं मी ही एक खुंटी पिळते आहे.
ओल कमी पडली तर माणूस उंबऱ्यावरूनच बोलतो,
जास्त झाली की बुडतो.
नव्या पोरांना बुडवायचंच असतं.
ती शेपूट उलटी फिरवतात,
मग शब्दाच्या आधीच त्याचा पडसाद येतो,
पाहुण्याआधी पायऱ्यांवर पाहुण्याचे बूट वाजावेत तसा.
एखादा स्वर गोठवतात, एक सप्तक वर नेऊन चमकवतात.
मीही करते. भाडं भरायचं असतं.

पण उर्मासचा खोकला त्यात राहिलाय.
फुग्याच्या मागोमाग तो आला, म्हणून टाकीची समजूत,
की प्रत्येक आवाजामागे तो यायचाच.
लेलो आकार लावते
आणि साडेचार सेकंदांनी तोच आकार पुन्हा येतो,
छातीतून, खरखरत, लोकरीतून गाळलेला.
ढोलाच्या एका टोल्यामागे खोकला.
शाळेच्या चाळीस कोवळ्या गळ्यांमागे
एका म्हाताऱ्याची छाती.
शाम्पूच्या जाहिरातीतसुद्धा.
हेलसिंकीहून एका निर्मात्याने विचारलं,
ही ऊब कुठून आणलीस?

कापता येतो तो तुकडा. दोन मिनिटांचं काम.
एकदा कापलाही.
टाकी साफ झाली,
साफ, आणि शिडी कुणी न धरलेली.
होतं तसं करून ठेवलं.

उर्मास आता तार्तूला, लेकीकडे.
मागच्या महिन्यात तिथल्या सुपरमार्केटात दिसला.
सिगारेट सुटली म्हणाला, खोकलाही थांबला,
आता रात्री घर फार शांत वाटतं.
वरच्या स्पीकरवर शाम्पूची बाई काहीतरी म्हणाली.
त्याने मान वर केली, जरा वेळ तशीच ठेवली.
पाडली ना ती, म्हणाला,
चांगली होती, पण आत गारठा भयंकर.
मग बटाट्यांचे सुटे पैसे मोजू लागला,
आणि मी, त्याच्या शेजारी, टोपली हातात धरून,
मोजत होते, तीन, चार,
साडेचार.