अस्तर

पहाटे साडेचारला मैनोद्दीनचा काँप्रेसर आणला, हातगाडीवर.
सातनंतर उपयोग नाही. मे महिन्यात अक्कलकोट रोडला
सातला ऊन पत्र्यावर येऊन बसतं,
आणि गनमधून सुटलेला प्रायमर
पोचायच्या आधीच वाटेत सुकतो.
पूड बसते नुसती, बोट फिरवलं की निघते.
मैनोद्दीन रिक्षा रंगवतो. म्हणतो,
ओला बसला पाहिजे, ओघळला नाही पाहिजे.
एवढंच शास्त्र. बाकी मनगट.

या शेडमध्ये सोळा माग होते.
गेल्या वर्षी किलोवर गेले, दोन ट्रक.
त्यांचे बोल्ट अजून फरशीत आहेत, अंधारात ठेच लागते.
सूत वाळवायच्या बांबूंवर आता
पंखाच्या बरगड्या टांगल्यात,
तारेनं, नंबर घालून, डाव्या वेगळ्या, उजव्या वेगळ्या,
वाऱ्यानं एकमेकींना लागल्या
की पंगत उठल्यावर ताटं गोळा करतात तसा आवाज.

इरेश आला, माझ्याबरोबर जॉबर होता तो.
"काय करालास बे?
सोलापुरात गंज कुठला, पाणीच पाच दिवसांनी येतंय.
आतनं रंग. कोण बघणाराय?
वजन किती वाढतंय ते सांग."
सगळं मिळून दोन किलो, शंभर ग्रॅम.
"मग दोन किलो शेंगाचटणी ने की वर."

हिशेबात त्याचं चुकलं नव्हतं.
मी पॅड घेतला आणि पुढचा तुकडा घासायला बसलो.

नवा पत्रा आरशासारखा येतो.
त्याची चमक आपल्या हातानं मारायची, राखेच्या रंगापर्यंत.
मग धुवायचा, मग पाणी ओतून बघायचं:
चादरीसारखं सलग उतरलं तर झालं,
थेंब थेंब तुटलं तर कुठंतरी तेल आहे,
बोट लागलंय कुणाचं तरी.
परत धुवायचा.
चौथ्या दिवसाचं, पिंपाच्या तळाचं पाणी.
भूलक्ष्मी काही बोलत नाही,
झाकण फक्त जरा जोरात लावते.

आमचे तात, नायनांचे वडील, रंगारी.
कोपरापर्यंत एका माणसाचे हात, पुढे दुसऱ्याच.
सूत आलं की लगेच रंगात नाही घालायचे.
खळ काढायची, मग हिरड्याचं पाणी पाजायचं:
हिरडा सुताला धरतो, रंग हिरड्याला.
हिरड्याचे पैसे गिऱ्हाईक कधी देत नाही, म्हणायचे,
आणि रंग गेला की दारात तेच गिऱ्हाईक.

हे मी इरेशला सांगितलं नाही.
वर गिऱ्हाईक मीच असणार.

दोन डबे एकात एक ओतले
की अर्धा तास काही करायचं नाही. ते आपसात ठरवतात.
मला हाच अर्धा तास जड जातो.
चहा. घड्याळ. परत घड्याळ.
मग मास्क, मग गन, एका दमात, हात न थांबवता,
आणि राखेवर तो फिक्का हिरवा चढतो,
कच्च्या चिंचेच्या आतल्यासारखा.

जूनच्या शेवटी डावा पंख बंद करायचा होता.
भूलक्ष्मी म्हणाली, थांबा, नाव लिहिते आत,
आणि कानामागची पेन्सिल काढली.
मी तिचा हात धरला, जरा जास्तच जोरात:
पेन्सिल नाही! शिसं लागलं की अ‍ॅल्युमिनियम पोखरतं.
ती बघत राहिली माझ्याकडे.
"एवढा हिरवा पाजलात की त्याला," ती म्हणाली, "तरी?"

तरी.

मग मार्कर दिला.
ती वाकली, खांद्यापर्यंत आत गेली, बराच वेळ लिहीत होती.
नाव एवढं मोठं नसतं.
मी बॅटरी धरून होतो, बघितलं,
तर सगळं तेलुगूत.

मी बोलतो तेलुगू. शाळा मराठी.
अक्षरं गोल गोल, एकात एक अडकलेली,
सिरसिल्ल्यात शिकून आलेली तिची,
मला एकही लागत नाही.

"काय लिहिलंस?"
"लावा पत्रा," म्हणाली. "सात वाजतील."

एकशे बारा रिव्हेट.