इतिवृत्तात न आलेलं

विषय क्रमांक चार : सड्यावरच्या चित्रांशेजारी फलक लावणे.
फलक चार बाय तीन. रंगारी अक्षरामागे सात रुपये घेतो,
काना-मात्रा त्यातच, हे त्याने आधीच सांगून ठेवलेलं.
तेव्हा मजकूर थोडक्यात ठरवू या, असं सरपंचबाई म्हणाल्या
आणि दुपारी तीनपासून दिवेलागणीपर्यंत
मजकूर काही थोडका होईना.

खातू मास्तर उभे राहिले, चष्मा पुसत :
लिहा, जगाला भूमिती आम्ही दिली.
ग्रीस नव्हतं, रोम नव्हतं, तेव्हा आमच्या वाघिवण्यात
कातळावर सरळ रेघ होती.
('आमच्या' त्यांनी चारदा म्हटलं. मी एकदाच नोंदवलं.)

मागून रोहिदास शिवगण, मालवाहू जहाजावरचा फिटर,
सुट्टी संपत आलेली, म्हणून आवाज जरा चढा :
मास्तर, बसऱ्याला मी मातीच्या पाट्या बघितल्यात.
कुणी किती जव उधार नेले, त्याचे हिशेब. नावानिशी.
त्याला म्हणतात देणं. तिथून लिहिणं आलं, कायदा आला.
आपल्या सड्यावर एक अक्षर नाही,
चाक नाही, चूल नाही, खापराचा तुकडा नाही.
एक गेंडा, जो इथे कुणाच्या खापरपणज्यानेही पाहिला नाही,
दोन पावलं, आणि तो पसरट पतंगासारखा काहीतरी.
यातून माणसाला मिळालं काय?

हसन होडेकर खाकरले.
वही हरवली म्हणजे हिशेब नव्हता,
असं रेशनवाला म्हणतो, तूही म्हणतोस?
माझ्या आज्याने गलबत मस्कतला नेलं, आभाळ वाचत.
त्याचं अक्षर दाखव म्हणशील तर
मी तुला समुद्र दाखवीन.

जोगळे, चिरेखाणीचे मालक, घड्याळाकडे बघून :
पांडवांनी एका रात्रीत काढलं. लिहा, आणि मोकळे व्हा.
(त्यांची खाण गेंड्याच्या शिंगापासून वीस हातांवर आलीय.
फलकावर काय यापेक्षा
फलक कुठे, यावर त्यांनी दोनदा विचारलं.)

तेवढ्यात दारातून,
मासळीची पाटी पायरीवर ठेवून दाखल्यासाठी ताटकळलेली
शेवंती आडविलकर बोलली :
पतंग कसला? पाकट हाय ती. मादी.
पोटाकडून काडलीय. तोंड बघा, आन् त्याच्या खाली
कल्ल्यांच्या फटी. नराला शेपटीजवळ दोन बोटं आसतात,
हिला न्हायत.
उलटी केल्याबिगर ह्ये कळत न्हाय कुणाला.
ज्यानं काडली, त्यानं आदी कापलीवती.

कुणी काही बोललं नाही.
मास्तर चष्मा पुन्हा पुसू लागले.
मी मनात मोजलं : पाकट, मादी. पाच अक्षरं. पस्तीस रुपये.
पण सूचक कोण, अनुमोदक कोण,
आणि शेवंतीचा दाखलाही अजून राहिलेला.

ठराव : मजकूर पुढील सभेत.

मी सायकल सड्याकडे वळवली. का, ते सांगता येत नाही.
खाणीतलं यंत्र थांबलेलं, लाल धूळ अजून तरंगत होती,
आणि त्याने कापलेल्या रेघा, मास्तरांना सांगायला हवं,
अगदी सरळ होत्या.

पाकटीत गवताचं बी साचलेलं. तळहाताने झाडलं.
उजवीकडे पाच फटी.
डावीकडे चार, आणि पाचवी
जेमतेम नखभर खोल,
सुरू केली आणि सोडली.

मी बोट तिथे ठेवून उकिडवा बसलो.
खाली वाडीत कुणीतरी कुणालातरी
जेवायला हाक मारत होतं.