उधारीची वही

सारमानसच्या धक्क्यापासून चाळीस पावलांवर माझं दुकान.
दुकान म्हणतो मी. पाटीवर बार लिहिलंय.
फेरीचा दोर सोडण्याआधी शाणू च्यारी यायचा,
पहिला ग्लास दोन्ही हातांनी धरायचा.
दुसऱ्याला एक हात पुरे.
मग मी समजायचो, उजाडलं.

एका सोमवारी आला आणि ग्लास उपडा ठेवला.
"देवीला नारळ ठेवलाय. आजपासून थेंब नाही."
बाकड्यांवरच्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही.
वहीत त्याच्या पानावर आडवी रेघ ओढली,
अकराशे चाळीस माफ, असं बोलूनसुद्धा गेलो.
एवढा चांगला मी आयुष्यात एकदाच झालो.

मंगळवारी फेरीवर त्याला घाम फुटला म्हणे,
नदीचा गार वारा, आणि सदरा पिळून घ्यावा इतका.
"विष बाहेर पडतंय, पडू दे," आम्ही म्हणालो.

रात्री शेवंती दार ठोठावत आली.
जेवता जेवता ताठ झाला, जीभ दातांत,
आता भिंतीवरचे खेकडे वेचतोय.
भिंतीवर खेकडे नव्हते.
तो एकेक उचलून बादलीत टाकत होता,
मोठ्यांच्या नांग्या सांभाळून.

म्हातारी म्हणाली, घाड्याला बोलवा.
मग माझ्याकडे वळली: "तू देतोस ना रोज?
दे एक कोप. थांबेल."
खिशात निप होती, निघताना सवयीने घातलेली.
काढली. बूच फिरेना,
माझेच हात कापत होते.
शेजारची ग्लेनिशा नर्सिंग शिकते, ती ओरडली,
"पाजू नका! घशात अडकेल. कुशीवर वळवा."
आणि एकशेआठ लावला.

मांडवीच्या पुलावर तो गाडीतच दोर फेकत होता,
धक्का सापडत नव्हता त्याला.

बांबोळीला डॉक्टरीणबाईंनी विचारलं,
रोज किती? शेवटची कधी?
शेवंती म्हणाली, कामावरून आला की थोडी.
म्हातारी म्हणाली, सणावाराला.
मी शर्टाच्या आतून वही काढली.
का घेतली होती बरोबर, देव जाणे.
सकाळी दोन, दहाला एक, जेवणाआधी दोन,
संध्याकाळच्या रेघा मोजायला बोट लागतं.
अकरा वर्षं.
शेवटची, रविवारी रात्री दहाला दहा कमी.
"म्हणजे पन्नास तास," त्या म्हणाल्या, आणि धावल्या.

नंतर सांगितलं त्यांनी,
अशी एका झटक्यात तोडली की माणूस दगावतो.
दारू शरीराशी बोलल्याशिवाय जात नाही,
आणि ते बोलणं आमच्यासमोर व्हायला हवं.
मला फेरी आठवली.
धक्का आला म्हणून इंजिन कुणी बंद करत नाही,
उलटं फिरवतात, हळूहळू टेकवतात.
शाणूइतकं हे कुणाला ठाऊक?

नऊ दिवस ठेवला. सलाईन, सुया, गोळ्या.
खाटेच्या पायथ्याशी कागद लटकलेला,
गोळ्यांचे आकडे: चार, चार, तीन, दोन.
माझ्या वहीत आकडे चढतात फक्त.
कुणाचा हिशेब असा उतरताना
मी पहिल्यांदा पाहिला.

आता तो माझ्या दारावरून मान वळवून जातो.
बरं करतो.
गुरुवारी बसने बांबोळीला जातो, तिथे मंडळी बसतात.
काय बोलतात, मी विचारत नाही.
चवथीला एकदा घसरला. माझ्याकडे नव्हे, पलीकडे चोडणला.
दुसऱ्या दिवशी स्वतःच डॉक्टरांकडे गेला,
नारळबिरळ न ठेवता.

दुकान चालूच आहे. ते लपवत नाही.

काल दुमिंग पातरावाने ग्लास उचलला,
"उद्यापासून बंद!"
बाकडी टाळ्या वाजवायला लागली.
मी त्याचं मनगट धरलं,
ग्लास उपडा करू दिला नाही.
म्हटलं, उद्या रविवार.
परवा ओपीडी उघडते, आठला तयार रहा.
वही घेऊन मी येतो.